गिझर दुरुस्त करू की नवा घेऊ? एका होमस्टेचा साधा हिशोब



डिसेंबरमधला शुक्रवार, संध्याकाळचे सहा वाजले होते. पाचगणीजवळ राहत्या घरातल्या ३ खोल्यांमध्ये होमस्टे चालवणाऱ्या एका ताईंचा मला फोन आला. "सर, एका खोलीत गरम पाणीच येत नाहीये. दुसरीतला गिझर खालून गळतोय. उद्या दोन कुटुंबं येतायत. मेकॅनिक म्हणतो, तिन्ही गिझर ९ वर्षांचे झालेत, तिन्ही काढा, हप्त्यावर नवे बसवून देतो. काय करू?"

ताईंकडे ३०,००० रुपये बाजूला होते. नाताळच्या गर्दीआधी नव्या गाद्या घ्यायच्या म्हणून जमवलेले. एक गिझर साधारण ९,००० चा, म्हणजे तिघांचे २७,०००. गाद्यांचा विषय संपला!

मी म्हटलं, "ताई, दहा मिनिटं द्या. 'जुना झाला' हे काही उत्तर नाही. आपण चार प्रश्न विचारू." तेच चार प्रश्न आज तुम्हाला सांगतो. तुमचा धंदा होमस्टेचा नसेल, पिठाची गिरणी असेल, डीप फ्रीझर असेल, शिलाई मशीन असेल, तरी प्रश्न हेच.

प्रश्न १: नेमकं काय बिघडलंय?

साठवणीच्या गिझरमध्ये बदलता येणारे भाग मोजकेच. पाणी तापवणारी कॉईल, तापमान राखणारा थर्मोस्टॅट, जास्त तापलं तर वीज तोडणारा कट-आउट, जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकीत बसवलेला मॅग्नेशियमचा रॉड. हा रॉड टाकीच्या वाटणीचा गंज स्वतःवर घेतो. तो झिजून संपला की गंज टाकीला लागतो. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर कॉईलवर पांढरा थर बसतो, उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉईल जळते.

हे सगळे भाग बदलता येतात. पण टाकीच आतून गंजून फुटली, तर दुरुस्तीला अर्थ नाही. आज डाग दिला, उद्या शेजारी नवं भोक.

मात्र "गळतोय" म्हटल्यावर लगेच टाकीवर आळ घेऊ नका. पाइपच्या जोडातून गळतंय का? कॉईलच्या गॅस्केटमधून? पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं ठिबकणं तर नेहमीचंच आहे. ताईंना मी गिझरची वीज बंद करून, टॉर्च घेऊन बघायला लावलं. गळती टाकीच्या तळातूनच होती, पाणीही तांबूस. म्हणजे हा गिझर गेला. गरम न होणारा गिझर मात्र कोरडा ठणठणीत होता. मेकॅनिकने तपासलं तर फक्त कॉईल जळालेली.

प्रश्न २: एका वर्षाला किती पडतं?

इथे बहुतेक जण चुकतात. १,८०० ची दुरुस्ती आणि ९,००० चा नवा, अशी थेट तुलना करायची नसते. दोन्हींना वर्षांनी भागा.

नवा ८ वर्षं चालेल असं धरू. ९,००० भागिले ८, म्हणजे वर्षाला १,१२५ रुपये. दुरुस्तीला १,८००. ती फक्त १ वर्ष टिकली तर महाग. ३ वर्षं टिकली तर वर्षाला ६०० च. मग बरोबरी कुठे होते? १,८०० भागिले १,१२५, म्हणजे १.६ वर्षं, सुमारे १९ महिने. मेकॅनिकला एवढंच विचारा, "दादा, टाकी आतून कशी आहे? दोन वर्षं काढेल का?" कॉईल बाहेर काढलेलीच असते, तेव्हा रॉड आणि टाकी आतून बघता येते. रॉड झिजला असेल तर त्याच वेळी नवा टाका.

आणि एक गोष्ट. "आधीच यावर चार हजार घातलेत" हे वाक्य हिशोबात आणू नका. गेलेले पैसे गेले. मी स्वतः एका जुन्या पॅकिंग मशीनवर याच नादात तीनदा खर्च केला आणि चौथ्यांदा नवंच घेतलं. निर्णय नेहमी इथून पुढचा.

प्रश्न ३: नव्याने वीज खरंच वाचेल का?

दुकानदार सांगतो, "नवा फाइव्ह स्टार घ्या, बिल अर्ध्यावर!" जरा थांबा. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण १.१६ युनिट लागतात. गिझर जुना असो वा नवा, हे चुकत नाही. २ किलोवॉटची कॉईल ते काम सुमारे ३५ मिनिटांत करते.

स्टारचा फरक पडतो तो तापलेलं पाणी टाकीत उभं असताना वाया जाणाऱ्या उष्णतेत. समजा जुना दिवसभरात १.२ युनिट असे घालवतो, नवा ०.६. युनिट १० रुपये धरलं तर गिझर चोवीस तास चालू ठेवणाऱ्याची वर्षाला सुमारे २,२०० ची बचत. पण रोज ४ तासच चालू असेल तर ती जेमतेम ३६५ रुपये. ताई पाहुणे उठायच्या आधी चालू करतात आणि अकराला बंद. त्यांच्यासाठी वीजबचत हे नवा घेण्याचं कारणच नाही!

प्रश्न ४: बंद पडला तर धंद्याचं काय?

घरचा गिझर बंद पडला तर आपण चुलीवर पाणी तापवू. पाहुण्याला ते सांगता येत नाही. खोलीचं भाडं २,००० असेल आणि सीझनमध्ये दोन रात्री परत कराव्या लागल्या, तर ४,००० गेले, वर वाईट रिव्ह्यू. म्हणून दुरुस्ती ऑफ सीझनला, आणि सीझनआधी तपासणी ठरलेली. एका वर्षात एकच यंत्र दोनदा बिघडलं, तर वर्षाचा हिशोब काहीही सांगो, बदलायची तयारी ठेवा.

जिथे हिशोब करायचाच नाही

शॉक बसतोय, अर्थिंग नाही, मेकॅनिक म्हणतोय "कट-आउट काढून थेट जोडतो": सरळ नाही म्हणा. आणि बंद बाथरूममध्ये गॅस गिझर तर कधीच नको. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणसाला कळायच्या आत जीव जातो. इथे स्वस्त-महाग नसतं.

ताईंनी काय केलं?

एक गिझर नवा घेतला, ९,०००. एकाची कॉईल बदलली, १,८००. तिसरा नीट चालू होता, त्याला हात लावला नाही. एकूण १०,८००. उरलेल्या १९,२०० मध्ये दोन खोल्यांच्या गाद्या आल्या, तिसरीच्या जानेवारीत घेतल्या. हप्ता डोक्यावर नाही. आणि त्या महिन्यापासून तिसऱ्या गिझरच्या नावाने दर महिन्याला ५०० रुपये वेगळ्या डब्यात. तो १८ महिन्यांनी गेला तरी ९,००० तयार असतील.

मेकॅनिक लबाड होता असं मी म्हणत नाही. त्याला त्याचा धंदा दिसत होता. तुमचा धंदा तुम्हालाच बघायचाय.

आजचा गृहपाठ

एक वही घ्या. तुमच्या धंद्यातल्या प्रत्येक यंत्राला एक पान द्या. घेतल्याची तारीख, किंमत, प्रत्येक बिघाड, खर्च, किती दिवस बंद होतं, हे सगळं लिहा. बिलं त्याच पानाला टाचा. दुरुस्तीचा खर्च आणि नव्या यंत्राचा घसारा करात वेगवेगळ्या पद्धतीने धरतात, तेव्हा सीएसमोर हीच वही कामाला येईल.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "जुना झाला, फेका," तर वही उघडा. उत्तर त्यात लिहिलेलं असेल.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हिशोब लिहा, धंदा वाढवा!