तीन नॅनोमीटरचा मोह

नॅरोबँड फिल्टर म्हणजे काचेच्या चकतीवर एकावर एक चढवलेले अतिशय पातळ थर. या थरांवर परावर्तित होणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि त्यातून एका ठरावीक तरंगलांबीभोवतीची काही नॅनोमीटर रुंदीची पट्टी तेवढी पलीकडे जाते, बाकीचा प्रकाश मागे फिरतो. दृश्य वर्णपट साधारण 400 ते 700 नॅनोमीटरचा. त्यातले 3, 5 किंवा 7 नॅनोमीटर ठेवायचे आणि उरलेले फेकून द्यायचे. हा उधळेपणा परवडतो, कारण तेजोमेघातला विरळ, आयनीभूत वायू सगळ्या रंगांत प्रकाशत नाही. त्याचा बहुतेक प्रकाश मोजक्या रेषांमध्ये एकवटलेला असतो. शहराच्या दिव्यांचा उजेड मात्र वर्णपटभर पसरलेला असतो. रेषा ठेवून पसारा कापला की ठाण्याच्या किंवा पिंपरीच्या गच्चीवरूनही मृगातल्या तेजोमेघाच्या कडा दिसू लागतात.

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला तेव्हा त्याचे कौतुक भरपूर झाले आणि ते रास्तच होते. पण दर अमावास्येला पेंच गाठणे कोणाला जमणार? हौशी छायाचित्रकारांची मोठी संख्या शहरांत राहते आणि शहरांतले आकाश उजळतच चालले आहे. ‘सायन्स’ नियतकालिकात जानेवारी 2023 मध्ये आलेल्या अभ्यासाने नागरिकांच्या 50 हजारांहून अधिक नोंदींवरून रात्रीचे आकाश वर्षाला सरासरी 9.6 टक्क्यांनी उजळत असल्याचा अंदाज मांडला. त्या नोंदी प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या होत्या, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा पुण्याला लावता येणार नाही. दिशा मात्र तीच आहे.

दिव्यांची जातही बदलली. पूर्वीच्या सोडियम आणि पाऱ्याच्या दिव्यांचा उजेड बराचसा ठरावीक पट्ट्यांत असे. तेवढ्या पट्ट्या अडवणारा स्वस्त ‘लाइट पोल्युशन’ फिल्टर लावला की काम भागत असे. जानेवारी 2015 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदिवे योजनेनंतर देशभरातले दिवे झपाट्याने एलईडीचे झाले. पांढऱ्या एलईडीचा वर्णपट 450 नॅनोमीटरजवळ निळे शिखर गाठतो, किंचित खाली येतो आणि मग हिरव्यापासून तांबड्यापर्यंत सलग पसरतो. सलग उजेडात अडवायच्या ठरावीक पट्ट्याच नसतात. जुने फिल्टर आज दुकानांत त्याच नावाने मिळतात, पण एलईडीच्या शहरात त्यांचा उपयोग नावापुरताच उरला आहे.

आकाश-छायाचित्रणाच्या या छंदात तीन रेषांचा व्यवहार चालतो. पहिली हायड्रोजनची एच-अल्फा, 656.3 नॅनोमीटरवर, गडद तांबडी. दुसरी दोनदा आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनची ओ-थ्री, 500.7 नॅनोमीटरवर, निळसर हिरवी. तिची सुमारे एक तृतीयांश तेजाची धाकटी जोडीदारीण 495.9 वर असते. तिसरी गंधकाची एस-टू, 671.6 आणि 673.1 अशी जोडरेषा, एच-अल्फापेक्षाही तांबडी आणि बहुतेक ठिकाणी सर्वांत मंद. हबल दुर्बिणीने एप्रिल 1995 मध्ये टिपलेले गरुड तेजोमेघातले ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’ याच तिघींचे चित्र. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी त्यात गंधक तांबड्या, हायड्रोजन हिरव्या आणि ऑक्सिजन निळ्या वाहिनीत बसवला आणि ती रंगयोजना ‘हबल पॅलेट’ म्हणून जगभरच्या गच्च्यांवर जाऊन पोहोचली.

नवखा माणूस सहसा एच-अल्फापासून सुरुवात करतो आणि उत्तम फिल्टरसाठीचे पैसेही तिथेच घालतो. रेषा तेजस्वी, चित्र पहिल्याच रात्री उमटते, म्हणून हे साहजिक आहे. पण पैशांचा खरा मोबदला ओ-थ्रीत मिळतो.

या रेषेचा इतिहासच विलक्षण आहे. ऑगस्ट 1864 मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एनजीसी 6543 या तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्यांसारखा सलग पट्टा दिसण्याऐवजी त्यांना सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे तो ताऱ्यांचा पुंजका नव्हता, वायू होता. मात्र त्यातली सर्वांत ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना. पुढे तिच्यासाठी ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्यही कल्पिले गेले. इरा बोवेन यांनी 1927 मध्ये उलगडा केला. तो साधा ऑक्सिजनच होता, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. उत्तेजित झालेला हा आयन प्रकाश सोडण्याआधी सरासरी अर्धा मिनिट थांबतो. प्रयोगशाळेतल्या वायूत तेवढ्या वेळात त्याच्यावर असंख्य टकरा होतात आणि ती ऊर्जा टकरांतच निघून जाते. तेजोमेघातला वायू माणसाने साधलेल्या नेहमीच्या निर्वातापेक्षाही विरळ असल्याने तिथे आयनाला ही सवड मिळते.

ओ-थ्रीचा फिल्टर लावून धीराने बसणाऱ्यांना आकाशाने अजूनही नवे काही दिले आहे. 2011 मध्ये फ्रेंच हौशी छायाचित्रकार निकोला उतेर यांना वृषपर्वा तारकासमूहात, शार्पलेस 129 या तांबड्या तेजोमेघाच्या पोटात, एक मोठी निळसर आकृती सापडली. आज ती ‘स्क्विड’ किंवा ओयू 4 म्हणून ओळखली जाते. त्याहून मोठा धक्का 2022 च्या अखेरीस बसला. देवयानी दीर्घिकेची जगात सर्वाधिक छायाचित्रे निघत असतील. तरीही तिच्या शेजारी सुमारे दीड अंश लांबीची, म्हणजे पौर्णिमेच्या तीन चंद्रांएवढी, ओ-थ्रीची मंद कमान पसरली आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. यान सेंटी, मार्सेल ड्रेक्सलर आणि झेवियर स्ट्रॉटनर या हौशींनी ती पकडली. जानेवारी 2023 मध्ये व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांसह तिच्यावर शोधटिपण निघाले आणि त्याच वर्षी त्या छायाचित्राला ग्रिनिच वेधशाळेच्या स्पर्धेतला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. कमान दीर्घिकेशी निगडित आहे की आपल्याच आकाशगंगेतली, यावर वाद आहे. ती इतकी वर्षे निसटली याचे कारण मात्र साधे आहे. दीर्घिकेकडे ओ-थ्री फिल्टर रोखून तासन् तास बसण्याचा खटाटोप करतो कोण?

शहरात ओ-थ्रीलाच सर्वाधिक मार बसतो. हवेत निळा-हिरवा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक विखुरतो, म्हणून चंद्र आणि दिवे दोघेही 500 नॅनोमीटरजवळची पार्श्वभूमी अधिक उजळवतात. अर्धा-पाऊण चंद्र असताना एच-अल्फा बऱ्यापैकी निभावते, ओ-थ्री धुऊन निघते. त्यामुळे रात्रींची वाटणी ठरून जाते: चांदण्यात हायड्रोजन आणि गंधक, काळोखात ऑक्सिजन. आणि पैसे मोजकेच असतील तर सर्वांत अरुंद फिल्टर ओ-थ्रीचा घ्यावा, एच-अल्फाचा थोडा रुंद चालतो. दुकानदार तिन्हींचा सारखाच संच पुढे करतो, त्याला इलाज नाही.

किती अरुंद घ्यावा, हा यानंतरचा प्रश्न. आकाशाचा उजेड हाच मुख्य अडथळा असेल तर हिशेब सोपा आहे. पार्श्वभूमी पट्टीच्या रुंदीच्या प्रमाणात घटते, तेजोमेघाची रेषा मात्र पूर्ण आत येते. 7 ऐवजी 3 नॅनोमीटर घेतले तर तेवढ्याच स्वच्छ चित्राला सुमारे 43 टक्के वेळ पुरतो. पावसाळ्यामुळे वर्षातले चार महिने हातचे जाणाऱ्या प्रदेशात ही बचत मोठी आहे. काळोख्या गावी मात्र पार्श्वभूमी मुळातच कमी असते आणि तिथे कॅमेऱ्याचा स्वतःचा ‘रीड नॉइज’, म्हणजे प्रत्येक चित्र वाचून घेताना सेन्सरमध्ये मिसळणारा गोंगाट, डोके वर काढतो. फिल्टर जितका अरुंद, तितकी प्रत्येक छायाचित्राची वेळ लांबवावी लागते, 5 ते 10 मिनिटांपर्यंत. मग दुर्बीण पेलणाऱ्या माउंटचे ट्रॅकिंग आणि गायडिंग तेवढे भरवशाचे हवे. डळमळत्या माउंटवर 3 नॅनोमीटरचा फिल्टर लावणे म्हणजे पायवाटेवर शर्यतीची गाडी उतरवणे.

अरुंदपणाचा आणखी एक छुपा हिशेब आहे. एच-अल्फाच्या दोन्ही बाजूंना नायट्रोजनच्या रेषा आहेत, 654.8 आणि 658.4 नॅनोमीटरवर. 7 नॅनोमीटरचा फिल्टर दोन्ही आत घेतो. 3 नॅनोमीटरचा त्यांतली ठळक, 658.4 ची, बाहेर ठेवतो. मृगातल्या तेजोमेघात याने फारसा फरक पडत नाही, पण काही प्लॅनेटरी नेब्युला आणि अतिनवताऱ्यांच्या अवशेषांत नायट्रोजन हायड्रोजनच्या बरोबरीला येतो, कधी त्यावरही मात करतो. तिथे ‘रुंद’ फिल्टरमध्ये दिसलेला तंतू ‘शुद्ध’ फिल्टरमध्ये फिका पडतो. नुसत्या सुंदर चित्रासाठी काम करणाऱ्याने याचा विचार जरूर करावा.

सर्वाधिक पैसे वाया जातात ते दुर्बिणीच्या एफ-गुणोत्तराकडे (नाभीय अंतर भागिले व्यास) दुर्लक्ष झाल्याने. असा फिल्टर सरळ येणाऱ्या किरणांसाठी बनवलेला असतो. किरण तिरपे आले की त्याची पट्टी निळ्या बाजूला सरकते. एफ/7 च्या अपवर्तक दुर्बिणीत सर्वांत बाहेरच्या किरणांसाठी हे सरकणे अर्ध्या नॅनोमीटरच्याही आत असते, ते विसरून चालते. एफ/4 च्या न्यूटोनियनमध्ये ते सव्वा नॅनोमीटरच्या आसपास जाते आणि 3 नॅनोमीटरच्या पट्टीची निम्मी रुंदी दीडच असते. एफ/2 ला ते 5 नॅनोमीटरजवळ पोहोचते. रासा किंवा हायपरस्टारसारख्या एफ/2 च्या मांडणीत मधला भाग कॅमेऱ्यानेच झाकलेला असतो, म्हणजे सरळ किरण जवळजवळ नाहीतच, सगळे तिरपे. तिथे साधा 3 नॅनोमीटरचा फिल्टर लावला तर ज्या रेषेसाठी तो घेतला तीच बाहेर राहते. अशा दुर्बिणींसाठी बाडरसारख्या कंपन्या पट्टी आधीच तांबड्या बाजूला सरकवलेले ‘हायस्पीड’ फिल्टर बनवतात. ते उलट मंद दुर्बिणीला लावायचे नसतात. खोक्यावरचा नॅनोमीटरचा आकडा म्हणूनच दुर्बीण सांगितल्याशिवाय निरर्थक आहे.

आकडा खरा असला तरी पुरेसा नसतो. पट्टीचा मध्य एका नॅनोमीटरने चुकला तर 7 नॅनोमीटरच्या फिल्टरला ते जाणवत नाही, 3 नॅनोमीटरचा लंगडा होतो. म्हणून प्रत्येक नगासोबत त्याच नगाचा मोजलेला आलेख देणारा उत्पादक पत्करावा. पट्टीबाहेरचा प्रकाश किती अडतो हे ‘ओडी’ सांगते. ओडी 4 म्हणजे दहा हजारांत एक भाग आत. ही अडवणूक अवरक्तातही 1000 नॅनोमीटरच्या पुढपर्यंत हवी, कारण सिलिकॉनचा सेन्सर तिथेही पाहतो आणि स्वस्त फिल्टर नेमके तिथेच गळतात. शेवटचा गुन्हेगार तेजोवलय. सेन्सर, त्यावरची काच आणि फिल्टर यांच्यात परावर्तन होऊन तेजस्वी ताऱ्याभोवती फुगीर कडे उमटते, बहुधा ओ-थ्रीतच अधिक. मृगाच्या पट्ट्यातल्या अल्निटाक ताऱ्याचे, म्हणजे अश्वमुख तेजोमेघाच्या शेजाऱ्याचे, चित्र काढले की फिल्टरची खरी लायकी कळते. 5 नॅनोमीटरचा वलयरहित फिल्टर 3 नॅनोमीटरच्या वलयवाल्यापेक्षा केव्हाही बरा. जुने मऊ थरांचे फिल्टर दमट हवेत खराब होत. आजचे कठीण थर कोकणातल्या हवेतही टिकतात, मात्र काचेवर बुरशी धरू नये म्हणून सिलिका जेलची डबी लागतेच.

कॅमेरा एकरंगी असेल तर तीन स्वतंत्र फिल्टर आणि ते फिरवणारे चक्र लागते. रंगीत कॅमेऱ्यात एच-अल्फा फक्त तांबड्या, म्हणजे चारांतल्या एका पिक्सेलवर पडते. ओ-थ्री हिरव्या आणि निळ्या मिळून तिघांवर. या विभागणीचाच फायदा घेणारे द्विपट्टी फिल्टर गेल्या काही वर्षांत लोकप्रिय झाले. ऑप्टोलाँगचा एल-एक्स्ट्रीम 7 नॅनोमीटरचा, एल-अल्टिमेट 3 नॅनोमीटरचा. एकाच छायाचित्रात हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही येतात आणि रात्र कमी लागते. शहरातल्या रंगीत कॅमेऱ्याला याहून चांगली पहिली खरेदी नाही. साध्या डीएसएलआरला मात्र आधी आतला फिल्टर बदलून घ्यावा लागतो, कारण मूळ फिल्टर एच-अल्फाचा बराचसा प्रकाश खाऊन टाकतो.

काही लक्ष्यांपुढे सगळेच नॅरोबँड फिल्टर निरुपयोगी ठरतात. कृत्तिकांभोवतीची निळी धूळ ताऱ्यांचाच प्रकाश परावर्तित करते, तो सलग असतो. तारकागुच्छ, कृष्णमेघ आणि दीर्घिकांचा मुख्य भाग यांचेही तेच. दीर्घिकांतले तांबडे हायड्रोजनचे ठिपके टिपता येतात, पण तिथे वेग आडवा येतो. देवयानी सेकंदाला सुमारे 300 किलोमीटर वेगाने जवळ येत असल्याने तिची एच-अल्फा जेमतेम 0.7 नॅनोमीटर सरकते आणि फिल्टरमध्ये राहते. कन्या समूहातल्या एम 87 ची सेकंदाला 1,280 किलोमीटरच्या वेगामुळे 2.8 नॅनोमीटरने सरकते आणि 3 नॅनोमीटरच्या पट्टीतून निसटते.

उरले आकारमान. सव्वा इंची फिल्टर फोर-थर्ड्स सेन्सरला पुरतो. एपीएस-सी सेन्सरचा कर्ण 28 मिलिमीटरचा, त्याला 36 मिलिमीटर घ्यावा. पूर्ण फ्रेमला 2 इंची किंवा 50 मिलिमीटर. पुढे मोठा कॅमेरा घेण्याचा विचार असेल तर आधीच मोठा फिल्टर घेणे स्वस्त पडते. संच एकाच उत्पादकाचा, एकाच जाडीचा असावा, नाहीतर प्रत्येक फिल्टरला फोकस नव्याने जुळवावा लागतो. आणि काच आपल्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांशाने फोकस मागे ढकलते. सेन्सरपर्यंत 55 मिलिमीटर अंतर मागणाऱ्या फ्लॅटनरमागे (कडांपर्यंत प्रतिमा सपाट करणाऱ्या भिंगामागे) 3 मिलिमीटरचा फिल्टर बसवला तर ते अंतर 56 करावे लागते.