झुकलेली पापणी : लग्नापर्यंत थांबू नका

पहिली-दुसरीच्या वर्गात एखादे मूल फळ्याकडे पाहताना हनुवटी वर करून, भुवया ताणून बसलेले दिसते. बाई म्हणतात, "नीट बस." पण ते मूल नीटच बसलेले असते. त्याची वरची पापणी बाहुलीवर उतरलेली असते आणि मान मागे टाकल्याशिवाय त्याला फळा दिसत नाही. आईला बोलावून विचारावे तर उत्तर ठरलेले : "जन्मापासूनच आहे, हिच्या दादांचीही अशीच होती. लग्नाच्या आधी ऑपरेशन करून घेऊ." मुलगा असेल तर तेवढेही नाही.

हा हिशोब चेहऱ्याचा झाला. नजरेचा हिशोब वेगळा आहे. मूल जन्मतःच पूर्ण पाहू शकत नाही. डोळ्याकडून येणारे चित्र समजून घ्यायला मेंदू साधारण सात-आठ वर्षांपर्यंत शिकत असतो. या काळात पापणीने बाहुली झाकली, किंवा पापणीच्या दाबाने बुबुळाची गोलाई बिघडून सिलिंड्रिकल नंबर आला, तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र घेणे सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. मग विसाव्या वर्षी पापणी सुरेख उचलली जाईल, पण तिच्यामागची अंधूक नजर बहुधा तशीच राहील.

वैद्यकीय भाषेत या झुकण्याला टोसिस म्हणतात. पापणी उचलणारा स्नायू जन्मतः कमकुवत असणे हे मुलांमधले नेहमीचे कारण. कोणते ऑपरेशन करायचे हे मुख्यतः त्या स्नायूत किती जोर आहे यावर ठरते. डॉक्टर अंगठ्याने भुवई दाबून धरतात, मुलाला आधी खाली आणि मग वर पाहायला सांगतात आणि पापणीची कड किती सरकली ते पट्टीने मोजतात. आठ मिलीमीटर किंवा जास्त सरकली तर जोर चांगला, पाच ते सात म्हणजे मध्यम, चार किंवा कमी म्हणजे फारच थोडा.

जोर बऱ्यापैकी असेल तर पापणीच्या घडीत छेद घेऊन तोच स्नायू आखूड करतात किंवा पुढे ओढून बसवतात. टाक्यांची खूण घडीत लपते. झुकणे थोडेच असेल आणि विशिष्ट थेंब घातल्यावर पापणी उचलली जात असेल, तर पापणीच्या आतल्या बाजूने छोटे ऑपरेशन करता येते. बाहेर व्रण राहत नाही.

जोर जवळजवळ नसेल तर स्नायू कितीही आखूड केला तरी उपयोग होत नाही. तेव्हा पापणीला कपाळाच्या स्नायूशी एका दोरीसारख्या पट्टीने जोडतात. मूल भुवई उचलते आणि पापणी वर जाते. ही पट्टी सिलिकॉनची असते किंवा मुलाच्याच मांडीतून काढलेल्या तंतूंची. मांडीचे तंतू जास्त टिकतात, पण त्यासाठी मूल तीन-चार वर्षांचे व्हावे लागते. बाहुली पूर्ण झाकलेल्या तान्ह्या बाळासाठी तेवढे थांबता येत नाही. तिथे सिलिकॉन वापरतात. ते पुढे सैल पडले तर पुन्हा करावे लागते. झुकणे कमी असेल तर डॉक्टर स्वतःच काही वर्षे थांबायला सांगतात, पण तेव्हाही नजरेची तपासणी चुकवायची नाही.

मोठ्यांचे कारण बहुधा वेगळे असते. वयामुळे किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर स्नायूची पकड सैल होते. ती नुसती भूल देऊन, रुग्ण जागा असताना, "डोळे उघडा" असे म्हणत जागेवरच जुळवून घेता येते. मात्र पापणी सकाळी बरी आणि संध्याकाळी जड होत असेल, तर तो मायस्थेनिया हा आजार असू शकतो. त्याला आधी औषध लागते, सुरी नव्हे. आणि पापणी अचानक पडली, सोबत जोराची डोकेदुखी, एकाचे दोन दिसणे किंवा बाहुली मोठी होणे असेल, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तिथे नजर उतरवत बसू नये.

काही घरांत शंका येते, अल्लाहने दिलेल्या चेहऱ्यात फेरफार कशाला? हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक लढाईत गेले होते. चांदीच्या नाकाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे बसवायला सांगितले. न दिसणाऱ्या डोळ्यावरचा उपचार म्हणजे नटणे नव्हे.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना धीटपणे विचारावे. दोन्ही पापण्या अगदी सारख्या होतीलच असे नाही. कमी-जास्त उचलली गेल्यास पुन्हा दुरुस्ती लागू शकते. पट्टी जोडलेल्या मुलाचा डोळा झोपेत थोडा उघडा राहतो, म्हणून रात्री मलम आणि दिवसा थेंब न विसरता घालावेत, नाहीतर बुबुळ कोरडे पडून जखम होते. टाक्यांना पाणी लागू द्यायचे नसते. तेवढे दिवस वुजू आणि सजदा कसा करावा हे डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारून घ्यावे. खर्चाची काळजी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत येते तेव्हा मूल आवर्जून दाखवावे. 2013 पासून चालू असलेल्या या योजनेत जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते आणि गरज असेल तर पुढच्या रुग्णालयात पाठवले जाते.

पापणी उचलली म्हणजे नजर आली असेही नाही. डोळा आळशी झाला असेल तर चष्मा लागतो आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधावी लागते, महिनोन् महिने. मुले कंटाळतात, आयाही दमतात. पट्टी बांधून मूल शाळेत येणार असेल तर आदल्या दिवशी बाईंना कळवा. त्याला पहिल्या बाकावर बसवता येते आणि "काणा" म्हणून चिडवणारी मुले वेळीच गप्प करता येतात.