लिनक्स प्रणालीवरील घरगुती संगणकाचे नूतनीकरण

जुन्या घरगुती संगणकाचे काही भाग बदलून आणि त्यावरील मुक्तस्रोत परिचालन प्रणाली गरजेनुसार जुळवून त्याची कार्यक्षमता व आयुष्य वाढविण्याची क्रिया. ज्या सॉफ्टवेअरचा मूळ आज्ञासंच वाचण्याची, बदलण्याची व पुन्हा वाटण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते, त्यास मुक्तस्रोत म्हणतात. लिनक्स हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीच्या नियमित विनामूल्य सुधारणा थांबविल्या. विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा चिप किंवा पुरेसा नवा संस्कारक नसल्याने सुस्थितीतील असंख्य संगणक तिच्या मर्यादेबाहेर राहिले. त्यामुळे या विषयास व्यावहारिक महत्त्व आले आहे.

पार्श्वभूमी : रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. हेल्सिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तयार केला व १९९२ मध्ये तो जीएनयूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. हा गाभा व इतर उपयुक्त आज्ञावली एकत्र करून दिलेल्या संचास वितरण म्हणतात. डेबियन (१९९३), फेडोरा (२००३), उबुंटू (२००४) व लिनक्स मिंट (२००६) ही प्रमुख वितरणे होत. नियंत्रण कोणा एका उत्पादकाकडे नसल्याने संगणक केव्हा कालबाह्य ठरवावा, याचा निर्णय पुष्कळ अंशी त्याच्या मालकाकडे राहतो.

निदान : कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी संथपणाचे कारण शोधणे आवश्यक असते. ‘टॉप’ या आज्ञेने संस्कारक व स्मृती यांवरील भार, तर ‘फ्री’ या आज्ञेने स्मृतीचा वापर कळतो. धूळ साचून पंखा अडला असल्यास संस्कारक तापतो व स्वतःचा वेग कमी करतो. अशा वेळी केवळ सफाईने काम भागते.

स्मृती : स्मृती अपुरी पडली की गाभा तिच्यातील कमी लागणारा मजकूर चकतीवरील ‘स्वॅप’ या राखीव जागेत हलवितो. चकती स्मृतीपेक्षा कित्येक पटींनी मंद असल्याने सर्वच काम खोळंबते. आजच्या ब्राउझरसाठी ४ गिगाबाइट स्मृती तोकडी पडते, तर सामान्य घरगुती कामास ८ गिगाबाइट पुरते. डीडीआर-३ व डीडीआर-४ या पट्ट्यांच्या खाचा वेगळ्या असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. काही लॅपटॉपांत स्मृती मुख्य फलकावरच डाखलेली असते. ती वाढविता येत नाही.

संचय : हार्ड डिस्कमधील चकती मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि इष्ट ठिकाणी पोहोचण्यास तिला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. घन-अवस्था संचयकात, म्हणजे एसएसडीत, फिरणारा भाग नसतो व हा काळ सुमारे ०.१ मिलिसेकंदावर येतो. म्हणून जुन्या संगणकात या एका बदलाने जेवढा फरक जाणवतो, तेवढा बहुधा दुसऱ्या कशानेही जाणवत नाही. लिनक्सचे बहुतेक चालक गाभ्याबरोबरच येत असल्याने स्थापित प्रणालीसह संचयक दुसऱ्या संगणकास जोडला, तरी ती बहुतेक वेळा सुरू होते.

संस्कारक व चित्रपत्रक : संस्कारक बदलण्यास मुख्य फलकाची खोबण व त्यावरील बायॉस यांची मर्यादा असते. लॅपटॉपमध्ये हा बदल बहुधा शक्य नसतो. इंटेल व एएमडी यांच्या चित्रपत्रकांचे चालक गाभ्यातच असतात. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपल्या चालकाच्या गाभ्याशी निगडित भागाचा स्रोत खुला केला. तथापि तो २०१८ मधील ट्युरिंग पिढीपासूनच्या पत्रकांनाच लागू पडतो. वायफाय पत्रक घेतानाही लिनक्सशी त्याची सुसंगती आधी पाहावी लागते.

प्रणालीची जुळवणी : पटलावरील खिडक्या, सूच्या इ. दाखविणारा भाग गाभ्यापासून स्वतंत्र असल्याने तो बदलता येतो. केडीई व ग्नोम हे सुविधासंपन्न, तर एक्सएफसीई व एलएक्सक्यूटी हे हलके पर्याय आहेत. कमी स्मृतीच्या संगणकास दुसरे सोयीचे पडतात. संगणक सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या अनावश्यक सेवा बंद करता येतात. गाभा स्वतः संकलित करण्याची मुभा असली, तरी सामान्य वापरात त्याने क्वचितच फरक पडतो. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक व देवनागरी टंक उपलब्ध आहेत. सी-डॅकने २००७ मध्ये प्रसृत केलेल्या ‘बॉस’ या भारतीय वितरणातही मराठीची सोय आहे.

दक्षता व मर्यादा : स्थापनेच्या वेळी चकतीचे विभाजन चुकल्यास त्यावरील सर्व मजकूर नष्ट होऊ शकतो, म्हणून दस्तऐवजांची व छायाचित्रांची प्रत अगोदर वेगळ्या संचयकावर ठेवणे अपरिहार्य असते. यूएसबी संचयकावरून प्रणाली स्थापनेविना चालवून पडदा, ध्वनी, वायफाय व मुद्रक यांची चाचणी घेता येते. काही व्यावसायिक आज्ञावली व खेळ लिनक्सवर चालत नाहीत. मुक्तस्रोत प्रणालीही जुन्या यंत्रांना कायम आधार देत नाही : ज्या ८०३८६ संस्कारकासाठी लिनक्सचा गाभा प्रथम लिहिला गेला, त्याचाच आधार २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून काढला गेला. परंतु २२ वर्षांनंतर घेतलेला हा निर्णय उघड चर्चेनंतर झाला आणि आधीच्या आवृत्त्यांचा स्रोत आजही कोणालाही घेता येतो.