विश्लेषण : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधील राक्षसांची ‘कुंडली’ का बदलली?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकत गोष्ट रचण्याच्या खेळाचे ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ हे पुस्तक फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या रूपात आले. त्यात पाचशेहून अधिक राक्षस आहेत. मात्र चर्चा रंगली ती त्यांची माहिती देणाऱ्या चौकटींची, म्हणजेच ‘स्टॅट ब्लॉक’ची. या बदलाने खेळ सुटसुटीत झाला, की खेळाडूंच्या हातची संधी गेली?

‘स्टॅट ब्लॉक’ म्हणजे काय?
या खेळात एक जण सूत्रधार असतो; बाकीचे एकेक पात्र निभावतात. समोर येणारे सगळे राक्षस एकटा सूत्रधार चालवतो. त्यासाठी प्रत्येक राक्षसाची जणू कुंडलीच छापलेली असते: त्याच्यावर वार लागणे किती कठीण, तो किती मार सोसेल, हल्ल्यात कोणते फासे टाकायचे. २०१४च्या पुस्तकातील गॉब्लिनचा बचावाचा आकडा १५ आणि प्राणांचा ७. वीस बाजूंच्या फाशावर, आपले अधिकचे गुण धरून, १५ किंवा त्याहून जास्त आले की वार लागला.

ही चौकट कशी बदलत गेली?
१९७४च्या पहिल्या संचात एका राक्षसाला तक्त्यातील जेमतेम एक ओळ मिळत असे. १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तो किती दुर्मीळ आहे, त्याच्या बिळात सापडण्याची टक्केवारी किती, इथपर्यंत तपशील आले. २००८च्या चौथ्या आवृत्तीत राक्षसाची प्रत्येक चाल चौकटीतच दिली होती. २०१४मध्ये मात्र मंत्रांच्या याद्या परतल्या.

त्यात अडचण काय होती?
‘लिच’ या मृत मांत्रिकाचे उदाहरण घ्या. २०१४च्या चौकटीत त्याच्या दोन डझनांहून अधिक मंत्रांची फक्त नावे होती. त्यांचे परिणाम वाचायला ‘प्लेयर्स हँडबुक’ उघडावे लागे. लढाई बहुधा काही फेऱ्यांत संपते, म्हणजे बहुतेक मंत्र वापरलेच जात नाहीत. तरीही सूत्रधार पाने चाळतो आणि चार-पाच जण ताटकळत बसतात.

नेमके काय बदलले?
२०२२च्या ‘मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स’मध्ये हा बदल दिसला. मंत्र कमी करून ते ‘दिवसातून किती वेळा’ या हिशेबाने मांडले गेले आणि मांत्रिकांना थेट हल्ले मिळाले. २०२५मध्ये लढाईत कोणाची पाळी आधी, हे ठरवणारा आकडाही चौकटीत छापला गेला. शारीरिक-मानसिक क्षमतांशेजारीच बचावाचे गुण आले.

मग आक्षेप कशाला?
‘काउंटरस्पेल’ने खेळाडू शत्रूचा मंत्र हाणून पाडू शकतो. पण तोच मारा ‘मंत्र’ न राहता नुसता ‘हल्ला’ झाला, की हे अस्त्र निकामी ठरते. दुसरे उदाहरण लांडग्याचे. २०१४मध्ये तो चावला, की जमिनीवर न पडण्यासाठी खेळाडूला फासा टाकता येई. २०२५मध्ये चावा लागला, की माणसाएवढे पात्र थेट आडवे होते. एक फासा वाचला, पण खेळाडूची एक आशाही गेली.

पर्याय काय?
खेळाच्या मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३मध्ये ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुला झाला. त्यामुळे त्या भागातील राक्षसांच्या चौकटी नव्याने मांडून प्रसिद्ध करायला कोणीही मोकळे आहे. घरच्या खेळासाठी तर तेवढीही गरज नाही. लढाईत खरोखर वापरले जातील असे तीन-चार मंत्र निवडून त्यांचे परिणाम चौकटीतच लिहावेत, मांत्रिकाचा मुख्य मारा ‘मंत्र’च ठेवावा आणि लांडग्यापुढचा तो फासा खेळाडूला परत द्यावा. वेळ वाचवायचा तो सूत्रधाराच्या पाने चाळण्यातला. खेळाडूच्या फासा टाकण्यातला नव्हे.