बालवय, अर्धशक्ती आणि योगाभ्यास

२०१५ पासून दरवर्षी २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होऊ लागला आणि शाळाशाळांतून योगाभ्यासाला नव्याने प्रतिष्ठा मिळाली. त्याचा एक परिणाम आपल्या चिकित्सालयातही जाणवतो. पाल्याचे वजन, उंची, एकाग्रता, वारंवार होणारी सर्दी, यांपैकी कोणतीही तक्रार असो, शेवटी पालक विचारतात, "डॉक्टर, याला योगासने लावली तर चालतील ना?" या प्रश्नाला "अवश्य लावा, चांगलेच असते" असे उत्तर देऊन आपण बहुधा मोकळे होतो. औषधाविषयी कोणी असे विचारले, तर वय, बल, अग्नी आणि व्याधी पाहिल्याशिवाय आपण होकार देत नाही. योगाभ्यास हा शरीरावर व मनावर निश्चित कर्म करणारा उपक्रम आहे, असे आपण मानत असू, तर त्यालाही मात्रा आहे आणि अयोग्य योजनेचे दोषही आहेत. बालक व किशोरवयीन यांच्या संदर्भात ही मात्रा कशी ठरवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभीच एका अडचणीचा उल्लेख करणे आवश्यक वाटते, कारण अभ्यासू वैद्यांच्या मनात ती येतेच. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील दिनचर्याध्यायात वाग्भटाचार्यांनी व्यायाम कोणी टाळावा हे सांगताना वातपित्ताचे रुग्ण, वृद्ध व अजीर्णी यांच्या पंक्तीत बालकालाही बसविले आहे. मग शाळेतील मुलांना आसने व सूर्यनमस्कार कोणत्या आधारे सांगावयाचे? या वचनाकडे दुर्लक्ष करून पुढे जाणे सोयीचे असले, तरी माझ्या मते बालकांच्या योगाभ्यासाची किल्ली याच निषेधात आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानात तीस वर्षांपर्यंतच्या वयाला बाल म्हटले असून त्याचे दोन भाग केले आहेत. सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात, शरीर सुकुमार व क्लेश सहन न करणारे असते, बल अपूर्ण असते आणि कफाचे आधिक्य असते. सोळाच्या पुढे तीसपर्यंत धातू वाढत असतात. परंतु मन बहुधा अस्थिर असते. चौदा-पंधराच्या मुलांच्या घरात एक आठवडा काढला, तर हे मन सोळाची वाट पाहत नाही हे कोणालाही पटेल. वाग्भटांचा निषेध हा या अपरिपक्व धातूंना थकविणाऱ्या श्रमाचा आहे, हालचालीचा नाही, असे मला वाटते. खेळणारे मूल त्यांनीही पाहिले असणारच. मूल स्वतः खेळते तेव्हा दमले की थांबते. शिक्षकाच्या शिट्टीवर वा पालकांच्या आग्रहावर ते थांबू शकत नाही. तेथे श्रमाची मात्रा बलाबाहेर जाते. म्हणून बालकाच्या बाबतीत निर्णायक गोष्ट कोणते आसन ही नसून ते कोणाच्या इच्छेने व किती वेळ, ही आहे.

यावर मार्गही ग्रंथांतच आहे. सुश्रुताचार्यांनी बलाच्या अर्ध्यानेच व्यायाम करावा असे सांगून अर्धशक्तीची खूणही दिली आहे. हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागला की थांबावे. प्रौढाला कपाळ, नाक, काख येथील घाम पाहण्यास सांगता येते. लहान मुलाला ते समजत नाही, परंतु "नाकाने श्वास पुरेनासा होऊन तोंड उघडावे लागले की बसायचे" एवढे सहा वर्षांच्या मुलालाही कळते. शाळेच्या योगशिक्षकांना सांगण्यासारखा याहून सोपा नियम मला आढळलेला नाही. पतंजलींनी आसनाला स्थिर व सुखकर अशी दोन विशेषणे लावली आहेत. मुलाचा चेहरा आवळलेला, श्वास कोंडलेला आणि पाय थरथरत असतील, तर बाहेरून आकृती कितीही सुबक दिसली तरी ते आसन नव्हे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुलांच्या योगाभ्यासाची परंपरा आपल्याकडे २०१५ च्या पुष्कळ आधीची आहे. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंत प्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. १९३७ मध्ये पुण्यात आलेले बी. के. एस. अय्यंगार स्वतः बालपणी अत्यंत अशक्त व आजारी होते. या धारांच्या पद्धती भिन्न आहेत. औंधची पद्धत गतीची व आवर्तनांची, अय्यंगारांची स्थितीच्या अचूकतेची. पालक "योग" हा एकच शब्द उच्चारतात, तेव्हा मूल नक्की काय करते हे आपण विचारून घ्यावे. बारा वर्षांच्या मुलासाठी रोज शंभर सूर्यनमस्कार आणि रोज दहा मिनिटे शवासन या दोन गोष्टी एकाच नावाखाली आपल्यासमोर येतात.

वयानुसार योजना करताना मी पुढील क्रम पाळतो. सहा वर्षांपर्यंत योगाचा वर्ग म्हणून काही असू नये. मांजर, बेडूक, फुलपाखरू अशा नकला पुरेत. सात ते दहा या काळात ताडासन, वृक्षासन, वज्रासन, भुजंगासन, मार्जारासन अशी मोजकी आसने, प्रत्येक स्थिती चार-पाच श्वासांपुरती, एकूण पंधरा ते वीस मिनिटे. तीन-चार सूर्यनमस्कार सावकाश. भ्रामरी मुलांना आवडते, कारण आवाज काढण्याची मुभा असते. अकरा ते चौदा हे झपाट्याने वाढीचे वय. या काळात अस्थी लांबतात आणि स्नायू मागे राहतात, त्यामुळे मांडीच्या मागील भागाचे स्नायू ताठ असणे स्वाभाविक आहे. पश्चिमोत्तानासनात पाठीवर दाब देऊन डोके गुडघ्याला लावण्याची घाई नेमकी याच वयात होते आणि कंबरदुखी घेऊन मूल आपल्याकडे येते. याउलट काही मुली जन्मतःच अतिलवचीक असतात. त्यांचे कौतुक होते, स्पर्धेला नेले जाते आणि सांधे आणखी सैल होतात. त्यांना अधिक ताणाची नव्हे, बल देणाऱ्या स्थिर आसनांची गरज असते. पंधराच्या पुढे प्रौढांचा अभ्यासक्रम हळूहळू सुरू करावा. दीर्घ कुंभक, बंध व नौली मात्र या वयातही नकोत.

आता श्वसनक्रियांविषयी. दूरचित्रवाणीमुळे कपालभाती घराघरांत पोहोचली आणि आजोबांबरोबर नातूही ती करू लागला. हठप्रदीपिकेत कपालभाती ही षट्कर्मांपैकी एक शोधनक्रिया आहे आणि षट्कर्मे ज्याच्या ठिकाणी मेद व श्लेष्मा अधिक आहेत त्याच्यासाठी सांगितली आहेत, इतरांसाठी नाहीत. बालवयातील कफ हा प्राकृत आहे, वाढीला आवश्यक आहे. तो शोधनाचा विषय नव्हे. हडकुळ्या, चंचल, वातप्रधान मुलाला रोज शे-दोनशे आघात करावयास लावणे मला शास्त्राला धरून वाटत नाही.

याहून गंभीर बाब अशी. "वर्गात लक्ष नसते, हाक मारली तर ऐकत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांत क्वचित एखादे मूल अपस्माराच्या एका सौम्य दिसणाऱ्या प्रकाराचे असते. यात मूल पडत नाही, झटके येत नाहीत. ते बोलता बोलता काही सेकंद एकटक पाहत राहते आणि पुन्हा पूर्ववत होते. दिवसातून असे अनेकदा घडते. मेंदूचा विद्युत्‌ आलेख काढताना हा वेग प्रकट व्हावा म्हणून मुलाला मुद्दाम तीन मिनिटे जोरजोराने श्वास घ्यावयास लावतात. जी क्रिया प्रयोगशाळेत वेग आणण्यासाठी वापरतात, तीच आपण एकाग्रतेसाठी रोज सकाळी लिहून द्यायची काय? म्हणून अनवधानाच्या तक्रारीवर भस्त्रिका वा कपालभाती सांगण्यापूर्वी असे "हरवण्याचे" क्षण आहेत का, हे आईला व शिक्षकांना विचारावे आणि शंका आल्यास मेंदुविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. ज्ञात अपस्मारात या क्रिया वर्ज्यच समजाव्यात.

तमक श्वासाच्या मुलांत दीर्घ निःश्वास, भ्रामरी व शिथिलीकरण यांनी भीती कमी होते आणि वेगाच्या वेळी मूल घाबरत नाही. हा लाभ लहान नव्हे. परंतु प्राणायाम सुरू झाला म्हणून बालरोगतज्ज्ञांनी दिलेला श्वासावाटे घ्यावयाचा पंप पालकांनी परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. हे त्यांना सुरुवातीलाच स्पष्ट शब्दांत सांगावे, लेखी दिल्यास उत्तम. जलनेतीने प्रतिश्यायात आराम पडतो. ती आठ वर्षांच्या पुढे, अर्धा लीटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात साधारण एक लहान चमचा मीठ या प्रमाणात, कान दुखत नसताना, आणि मुलाची तयारी असेल तरच द्यावी. न उकळलेले नळाचे वा विहिरीचे पाणी नाकात घालू नये. त्यातील अमिबाचा संसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकतो. डाउन सिंड्रोम असलेल्या बालकांत मानेचे पहिले दोन मणके परस्परांवर सैल असण्याचा संभव असतो. त्यांना शीर्षासन, सर्वांगासन, हलासन व कोलांटी देऊ नये.

लाभांचे पुरावे कोठे बळकट आहेत व कोठे नाहीत, हे पाहणेही आपले काम आहे. आंध्र प्रदेशातील अनंतपूर येथे आर. निधी, आर. नागरत्ना प्रभृतींनी १५ ते १८ वर्षे वयाच्या ९० मुलींवर केलेला अभ्यास २०१२-१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बीजकोशात अनेक ग्रंथी असलेल्या या मुलींच्या एका गटाला रोज एक तास, १२ आठवडे योग आणि दुसऱ्याला तितकाच वेळ सामान्य व्यायाम दिला. चिंता, इन्शुलिनचा प्रतिरोध आणि काही संप्रेरके यांत योगगटात अधिक सुधारणा दिसली. वजनात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. अनियमित आर्तव घेऊन येणाऱ्या मुलींची संख्या पाहता हा अभ्यास आपल्या उपयोगाचा आहे. मात्र तेथे देखरेखीखाली रोज तासभर अभ्यास होत होता, हे विसरून "आठवड्यातून दोनदा करा" असे सांगितल्यास तेच फल मिळेल अशी अपेक्षा धरू नये. दुसरीकडे, शर्ली टेलस यांच्या गटाने ८ ते १३ वर्षांच्या ९८ मुलांवर केलेल्या २०१३ च्या अभ्यासात योग व शारीरिक व्यायाम या दोन्हींनी लाभ झाला. सामाजिक आत्मसन्मानात तर व्यायामगट सरस ठरला. मुलांना मुलांबरोबर पळायला हवे असते, असा मी त्याचा अर्थ घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र हालचाल सुचविली आहे. संथ आसने त्यात क्वचितच मोजता येतील. मैदान काढून घेऊन त्या जागी चटई देणे हा व्यवहार तोट्याचा आहे. स्थूल मुलाच्या बाबतीत तर हे विशेषच लागू.

उंचीविषयी औषधी दुकानदार बंधूंशी थोडे बोलावयाचे आहे. ताडासनाने मूल ताठ उभे राहू लागते व अर्धा-एक सेंटिमीटर उंच दिसते. अस्थींची लांबी मात्र कोणत्याही आसनाने वाढत नाही. ती बीज, आहार, निद्रा व रोगमुक्तता यांवर अवलंबून आहे. "योगासोबत हे चूर्ण द्या, उंची वाढेल" अशी पाटी दुकानात लावणे केवळ शास्त्राला सोडून आहे असे नव्हे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत व्यक्तीची उंची हा विषय आहे आणि स्थौल्यही आहे; त्यावरील औषधाची जाहिरात करणे गुन्हा ठरतो. वाढ खरोखर खुंटलेले मूल असेल, तर त्याला दुकानाच्या फळीवरून नव्हे, तपासणीतून उत्तर मिळाले पाहिजे, आणि ते वेळेत. कारण अस्थींची वाढ थांबल्यावर हाती फारसे काही उरत नाही.

वेळेविषयीही पालकांचा गैरसमज असतो. ब्राह्ममुहूर्त म्हणून पाच वाजता मुलाला उठविले जाते आणि रात्री अकरापर्यंत शिकवणीचा गृहपाठ चालतो. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलांच्या झोपेसाठीच घेतला. वाचलेली ती झोप योगासनांसाठी मोडावयाची, यात काय साधले? लवकर निजणाऱ्याने लवकर उठावे. इतरांनी सायंकाळी, जेवणापूर्वी, पोट हलके असताना अभ्यास करावा. दहावी-बारावीच्या मुलांना तर रात्री अंथरुणावर दहा मिनिटे शवासन सांगितले, तरी निद्रेत फरक पडतो.

रुग्णपत्रकावर "योगासने" असा एक शब्द न लिहिता आसनाचे नाव, श्वासांची संख्या, वेळ व वर्ज्य गोष्टी लिहाव्यात आणि तीन आठवड्यांनी मुलाला ते आपल्यासमोर करावयास सांगावे. त्या वेळी दहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे, विशेषतः मुलींचे, पादहस्तासन पाठीमागून उभे राहून पाहावे. पुढे वाकल्यावर बरगड्यांची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, तर पाठीचा कणा बाजूला वळत असण्याची शक्यता असते. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो आणि या वयात ती दुसरे कोणी करीलच असे नाही. असा उंचवटा दिसल्यास आसने थांबवून क्ष-किरण चित्र काढावयास पाठवावे.