संगणकाचा ताप खरा की खोटा?

नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक विद्युत केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. अशा संचात टर्बाइनकडे जाणारी वाफ ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. नियंत्रण कक्षात दिसतो तो थर्मोकपलकडून तारेने आलेला आकडा. तार तुटली तरी यंत्र काहीतरी आकडा दाखवू शकते, पण तो वाफेचा नसतो. म्हणून अशा केंद्रांत महत्त्वाच्या जागी तीन संवेदक बसवून त्यांतल्या दोघांचे एकमत झाले तरच संच बंद करण्याची पद्धत आहे.

शाळेतल्या संगणकातही संवेदक असतात, पण असे साक्षीदार नसतात. लिनक्सवर ‘एलएम-सेन्सर्स’ ही मोफत प्रणाली बसवून ‘सेन्सर्स’ ही आज्ञा दिली की तापमान, पंख्याचा वेग आणि व्होल्टेज पडद्यावर येतात. तिथे एखाद्या दिवशी १२७ अंश दिसले तर? घाबरून मदरबोर्ड बदलला तर पैसे वाया जातील. ‘हे आकडे खोटेच असतात’ म्हणून सोडून दिले, तर पंखा खरोखर बंद पडल्यावरही आपण गाफील राहू.

यासाठी आकडा कसा तयार होतो ते पाहू. संवेदक उष्णतेचे रूपांतर व्होल्टेजमध्ये करतो, मदरबोर्डवरची चिप त्याचा अंक बनवते आणि शेवटी लिनक्स त्याला नाव व एकक देते. चूक यांपैकी कोणत्याही पायरीवर होऊ शकते.

अनेक चिपांत तापमान आठ बिटांत साठवतात. आठ बिटांत २५६ संख्या मावतात. ऋण संख्याही हव्या असल्याने त्या −१२८ ते १२७ अशा होतात. चिपच्या एखाद्या टोकाला संवेदकच जोडलेला नसेल, तर आकडा बहुधा यांपैकी एका कडेला जाऊन थांबतो. म्हणजे १२७ हा ताप नव्हे, रिकाम्या टोकाची खूण आहे.

व्होल्टेजची गोष्ट निराळी. चिपला १२ व्होल्ट थेट मोजता येत नाहीत. समजा, ३० व १० किलोओहमचे दोन रोधक जोडून त्यांची विभागणी केली, तर चिपकडे १२ × १० ÷ ४० = ३ व्होल्ट पोचतात. रोधकांच्या किमती मदरबोर्डचा निर्माता ठरवतो. त्या लिनक्सला ठाऊक नसतात. म्हणून पडद्यावर ३ दिसतात. संरचना फाइलमध्ये ‘चारने गुणा’ असे लिहिले की वाचन सुधारते. इथे बिघाड नव्हताच, गुणक चुकला होता.

इंटेलच्या प्रोसेसरमधला संवेदक तर तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत तेवढेच सांगतो. मर्यादा १०० अंश आणि अंतर ६० असेल, तर लिनक्स वजाबाकी करून ४० दाखवते. हा संवेदक मर्यादेजवळ अधिक भरवशाचा असतो, थंड प्रोसेसरबाबत कमी.

आता परीक्षा. रात्रभर बंद असलेला संगणक सकाळी सुरू करून लगेच वाचन घ्यावे. पंख्याने थंड होणारी वस्तू खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही; तापमापी २५ दाखवत असताना प्रोसेसर १५ दाखवू लागला, तर वाचन चूक. मग संगणकाला दहा मिनिटे जड काम द्यावे. खरे तापमान चढते आणि काम थांबल्यावर उतरते. खोटा आकडा बहुधा जागचा हलत नाही. शेवटी बायोसमधील आकड्यांशी तुलना करावी, कारण तिथे निर्मात्याने स्वतःचे गुणक घातलेले असतात.

रिकामे टोक सिद्ध झाले तरच संरचना फाइलमध्ये ‘इग्नोर’ लिहून ते वाचन लपवावे. पण आकडा कामाबरोबर चढत असेल आणि पंख्याचा वेग शून्य असेल, तर फाइलला हात न लावता संगणक बंद करून पंखा तपासावा.

ही परीक्षा विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. दर मिनिटाच्या नोंदींचा आलेख काढला की मोजमाप आणि मोजलेली वस्तू यांतला फरक त्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही.