टोकियोचे वार्तापत्र: गुन्ह्याआधी दारात येणारा पोलीस

नाक्यावरच्या पोलीस चौकीला जपानमध्ये ‘कोबान’ म्हणतात. टोकियोत १८७४ साली सुरू झालेल्या या पद्धतीच्या चौक्या आज देशभर सहा हजारांच्या आसपास आहेत. जपानी माणूस मुळातच प्रामाणिक, तिथे पोलिसांना काम काय, ही नवी मुंबईत हमखास ऐकू येणारी समजूत कोबानच्या दारात काही वेळ उभे राहिले तरी टिकत नाही. पत्ता शोधणाऱ्या आजीबाईंना शिपाई भिंतीवरच्या नकाशावर गल्ली दाखवतो, मग बाहेर येऊन वळणही दाखवतो. सापडलेले पाकीट इथे दिले की पावती मिळते. मालक आला तर ५ ते २० टक्के मोबदला आणि तीन महिन्यांत न आला तर बहुतेक वस्तूंवर सापडणाऱ्याचा हक्क, हे कायद्यानेच ठरलेले आहे.

खरे काम मात्र चौकीबाहेर चालते. शिपाई घरोघर फिरतो. घरात कोण राहते, अडीनडीला कोणाला कळवायचे, याचे कार्ड भरून घेतो. सक्ती नसते. टोकियोतल्या निशी-कासाई भागात मराठी बिऱ्हाडे बरीच आहेत. दारात पोलीस पाहून नवख्यांच्या छातीत धस्स होते, आणि तो विचारतो भूकंप झाला तर फोन कोणाला करायचा!

नवी मुंबईत हे जमू नये, याचा राग येतो. सिडकोने शहर सेक्टर पाडून वसवले, १९९४ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, बीट आहेत, भाडेकरूंची नोंदही होते. पण कागद जमा झाला की बहुधा काम संपते, दार कोणी वाजवत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये जुईनगरला बँक ऑफ बडोदाच्या शाखेतले ३० लॉकर फोडले गेले, तेही काही महिने आधी भाड्याने घेतलेल्या दुकानातून भुयार खणून. भरवस्तीत माती निघत होती. दुकानात नवे कोण आले, कोणता धंदा करतात, हे सहज डोकावून विचारणारा बीटवरचा ओळखीचा पोलीस असता, तर एवढे खणणे सोपे गेले नसते.

यासाठी जपानच गाठायला हवे असेही नाही. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या. पोलीस आणि रहिवासी नियमित एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. ठाणे जिल्ह्यातलाच हा धडा खाडी ओलांडून वाशीला रुजला नाही.

कोबानलाही खोट आहे. परदेशी चेहरा दिसला की थांबवून ओळखपत्र मागण्याच्या प्रकाराविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये तिघा रहिवाशांनी टोकियोच्या न्यायालयात दावा लावला. ज्याने दारात येऊन कुटुंबाची चौकशी करायची, त्याच खात्याने रस्त्यात संशयाने अडवले, तर पुढच्या वेळी दार मोकळेपणाने उघडत नाही. दुसरी अडचण मनुष्यबळाची: शिपाई गस्तीवर गेला की चौकी रिकामी पडते. त्यावर जपानने निवृत्त पोलिसांना सल्लागार म्हणून तिथे बसवले आहे. ते नोंदी घेतात, वाट दाखवतात, अटक करत नाहीत. नेरूळ-बेलापूरमध्येही निवृत्त हवालदार राहतात, आणि कुलूप लावलेल्या बीट चौक्याही आहेत.